हरणाच्या शिकारीसाठी स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफल पुरेशी अचूक असते का?

आपण विट्याहून विचारले आहे की, टेक्सासला स्थायिक झालेल्या भाच्याने हरणाच्या शिकारीसाठी रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिस यांसारखी स्वस्त बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर दांडा हाताने मागे-पुढे करायची) रायफल घेतली, तर नेम लागेल का. माझ्या मते निश्चित लागेल. हरणाचे हृदय व फुप्फुसे यांचा भाग साधारण ८ इंच रुंद असतो आणि १०० यार्डांवर दीड इंचात गोळ्या बसवणारी अशी रायफल २०० यार्डांवर त्या सुमारे ३ इंचांत बसवते, म्हणजे नेम चुकलाच तर बहुधा हात चुकतो, नळी नव्हे. कंपन्यांनी काटकसर नळीत केलेली नाही. सॅव्हेजमध्ये नळी एका नटाने बसवून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) व बोल्ट (ती मागून बंद करणारा दांडा) यांतील अंतर गेजने (मापकाने) जुळवतात, त्यामुळे महागडे घासकाम वाचते. पैसे वाचवले आहेत ते प्लॅस्टिकच्या दस्त्यात. त्याचा पुढचा भाग टेकूवर दाबला गेला की वाकून नळीला टेकू शकतो आणि गोळी सरकते. दस्ता व नळी यांच्यामधून घडी केलेली नोट सहज फिरते का, हे भाच्याने टेकूवर ठेवूनच पाहावे. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर पिकात शिरलेले हरीणही वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही.) वाचलेले पैसे रायफलीवर बसवायच्या चांगल्या दुर्बिणीवर आणि दोन-तीन प्रकारची काडतुसे झाडून पाहण्यावर खर्चावेत, कारण एकाच नळीतून वेगवेगळ्या काडतुसांच्या गोळ्यांचा गट वेगवेगळा पडतो.