हेला पेशीत पी५३ शोधण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचा मसुदा काल ठाणे-पनवेल लोकलमध्ये वाचून काढला. ट्यूमर सप्रेसर, म्हणजे कॅन्सर रोखणारी प्रथिनं, आणि क्रोमॅटिन, म्हणजे हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, यांच्या नात्याचा विषय चांगला निवडलायस, वाचनही दिसतंय. पण पहिल्याच पानावर ‘ट्यूमर सप्रेसर म्हणजे पेशीविभाजनाचे ब्रेक’ असं लिहिलंयस, तिथे मी अडलो. बारावीला हे चालून गेलं असतं. ब्रेक म्हटलं की तो लागतो की नाही, एवढंच विचारायचं उरतं. तुला तर ही प्रथिनं क्रोमॅटिनवर कुठे बसतात, तिथे काय करतात आणि ती गेली की गुणसूत्रांची वाताहत का होते, हे शोधायचंय. मग सुरुवात तिथूनच कर ना.

आरबी या ट्यूमर सप्रेसरचंच घे. १९७१मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमा या मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून दोन आघातांची (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच कॅन्सर होतो, ही) कल्पना मांडली, १९८६मध्ये ते जनुक हाती लागलं. आरबी ई२एफला, म्हणजे विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतं, हे सगळेच लिहितात. पण आरबी तिथे एकटं येत नाही. हिस्टोनांवरचे ॲसिटिल गट काढणारी एचडीएसी एन्झाइम्स सोबत घेऊन येतं, मग त्या जागचं क्रोमॅटिन आवळलं जातं आणि जनुकं गप्प होतात. गुणसूत्रं घट्ट गुंडाळणाऱ्या कंडेन्सिन-२ला क्रोमॅटिनवर बसवण्यातही त्याचा हात आहे. आरबी गेलं की सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या सांध्यापाशी, जुळी क्रोमॅटिडं (गुणसूत्राच्या दोन प्रती) नीट धरून राहत नाहीत, आणि विभाजनात एखादं गुणसूत्र भलत्याच पेशीत जातं. म्युटेशनांची नुसती यादी बघून हा घोळ लक्षात येणार नाही.

डीएनएच्या दुरुस्तीत लागणारं बीआरसीए१ तू तीन ओळींत उरकलंस. तिथे जरा रेंगाळ. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, तुटकी टोकं तशीच जोडून टाकायची. यात चार-दोन अक्षरं गळतात. दुसरी, शेजारच्या जुळ्या प्रतीवरून बघून नीट दुरुस्ती करायची. ती प्रत निघालेली असेल तरच हे जमतं. आता प्रत निघालीय, हे त्या जागी कळायचं कसं? हिस्टोनवरून. नव्या प्रतीवर नुकत्याच बसलेल्या एच४ हिस्टोनच्या विसाव्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइल गट अजून चढलेला नसतो. बीआरसीए१चा जोडीदार बीएआरडी१ नेमकं हे कोरं लायसिन ओळखतो आणि बीआरसीए१ला तिथे घेऊन येतो. ५३बीपी१ या दुसऱ्या प्रथिनाला मात्र त्याच जागी मिथाइल लागतं, आणि ते टोकं जोडण्याची बाजू घेतं. या सबंध क्षेत्रात मला याहून देखणं काही दिसलेलं नाही. तुझ्या प्रस्तावाचा कणा मी इथेच उभा केला असता.

एक उलटं उदाहरणही घाल, नाहीतर परीक्षक पकडतील. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डॉइड ट्यूमरमध्ये एसएमएआरसीबी१ हे प्रथिन नसतं. न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेले हिस्टोनचे मणी) सरकवणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग. पण या ट्यूमरचा बाकीचा जीनोम बहुतेक वेळा आश्चर्य वाटावं इतका शांत असतो, म्युटेशन फारच थोडी. म्हणजे क्रोमॅटिन बिघडलं की जीनोम अस्थिर होतोच, हे तुझं विधान सरसकट टिकत नाही.

आता कामाचं. पी५३ या ट्यूमर सप्रेसरसाठी तू हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या, पेशी घेतल्यायस. अगं, हेलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणू ठाण मांडून बसलाय! त्याचं ई६ प्रथिन पी५३ला मोडीत काढतं, ई७ आरबीला. पी५३चं टीपी५३ जनुक सीक्वेन्स केलंस तर ते अगदी धडधाकट दिसेल, प्रथिन मात्र जवळजवळ नाहीच. एचईके२९३ पेशींमध्ये ॲडेनोव्हायरसची जनुकं पी५३ आणि आरबीला निकामी करतात. ज्या खारघरच्या टाटा कॅन्सर संशोधन केंद्रात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर इतकं काम चालतं, तिथल्या लॅब मीटिंगमध्ये हे कुणीतरी विचारणारच. एचसीटी११६ या पेशींची जोडी घे. एकीत पी५३ शाबूत, दुसरीत काढून टाकलेलं. आणि ब्लॉटवर (प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) पी५३चा गडद बँड दिसला म्हणून हुरळून जाऊ नकोस. आर१७५एचसारख्या म्युटेशननं बिघडलेलं पी५३ पेशीत साचून राहतं, म्हणून बँड उलट ठसठशीत येतो.

डीएनए कापणाऱ्या मायक्रोकॉकल न्यूक्लिएजचा प्रयोग एकाच वेळेवर उरकू नकोस. हे एन्झाइम कॅल्शियमवर चालतं, म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणारं ईजीटीए भरलेल्या नळ्या आधीच बर्फात मांडून ठेव आणि ठरल्या मिनिटाला नमुना त्यात सोड. एन्झाइम न घातलेली एक नळी हवीच. जेलवर साधारण दीडशे, साडेतीनशे, पाचशे बेस-जोड्यांच्या (एक, दोन, तीन न्यूक्लिओसोमांच्या) पायऱ्या दिसायला हव्यात. सगळ्या पायऱ्या जाऊन खाली दीडशेचा एकच बँड उरला, तर क्रोमॅटिन सैल झालं असं लिहायला धावू नकोस. बहुतेक वेळा एन्झाइम जास्त झालेलं असतं.

गॅमा-एच२एएक्स या, डीएनए तुटल्याची खूण मानल्या जाणाऱ्या, हिस्टोनचे ठिपके मोजतानाही तेच. प्रत्येक ठिपका म्हणजे तुटलेला डीएनए असं धरू नकोस. एस टप्प्यातल्या (डीएनएची प्रत काढणाऱ्या) निरोगी पेशींतही ते दिसतात. मरणाऱ्या पेशीचं तर अख्खं केंद्रक उजळतं, ती वेगळी काढ. स्लाइडवरची लेबलं झाकून शेजारच्या टेबलावरच्या कुणाकडून तरी मोजून घे, आणि तुझे आकडे त्याला आधी सांगू नकोस.

कळावे,
तुझे सर