घरातली भाषा बंद करू का?

“शाळेतून सांगितलंय, घरी फक्त इंग्रजीच बोला. मग नातवाशी ओजिब्वेत बोलणं बंद करू का?”

कॅनडातल्या विनिपेग शहरात, नॉर्थ एंड भागात राहणाऱ्या एका आजींचा हा प्रश्न. ओजिब्वे ही तिथल्या एका मूळनिवासी समाजाची भाषा. (ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.) नातू सहा वर्षांचा, पहिलीत. शाळेच्या तीन तक्रारी होत्या: लक्ष देत नाही, हाक मारली तरी बघत नाही, शब्द अर्धेच उच्चारतो. आई रात्रपाळीला जाते, त्यामुळे संध्याकाळपासून सकाळपर्यंत मूल आजींपाशी.

रिझर्व्ह म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी, म्हणजे मूळनिवासी समाजांच्या एका मोठ्या गटासाठी, राखून ठेवलेली जमीन. पण कॅनडातले बहुसंख्य मूळनिवासी आज तिच्याबाहेर राहतात, आणि त्यांची सर्वांत मोठी शहरी वस्ती विनिपेगमध्येच आहे. इथे हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचं उत्तर सरळ आहे: बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाच्या बोलण्यात दोष येत नाही. मात्र शाळेने जे पाहिलं तेही खरं होतं. चुकलं होतं ते त्याचं कारण.

मुलाचं बोलणं तपासताना पहिल्या भेटीत आम्ही आजींना शेजारी बसवून मुलापुढे चित्रांची कार्डं ठेवली. दोन पुस्तकं दाखवल्यावर इंग्रजीत तो ‘बुक’ म्हणाला, दोन मांजरांना ‘कॅट’. शेवटचा ‘स’ प्रत्येक वेळी गायब. मग आजींनी ओजिब्वेत विचारलं. एका बुटाला ‘मकिझिन’ आणि दोन बुटांना ‘मकिझिनन’. एका कुत्र्याला ‘अनिमोश’ आणि दोघांना ‘अनिमोशग’. एकदाही चुकला नाही. म्हणजे अनेकवचन त्याला पक्कं कळत होतं. भाषेचा मूळ दोष असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. फक्त इंग्रजीत अडतंय, तर दोनच शक्यता उरतात: इंग्रजी कमी कानावर पडलेली असणं, किंवा इंग्रजीतले बारीक आवाज कानात शिरतच नसणं. आजींची भाषा बंद केली असती तर हा फरक कळायला जागाच उरली नसती.

म्हणून सहा आवाजांची चाचणी केली: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाच्या हातात ठोकळे द्यायचे, आवाज ऐकला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. मोठ्या माणसाने मुलाच्या मागे उभं राहायचं. तोंडावर हात धरला तर आवाजच दबतो आणि निकाल फसवा येतो. दोन आवाजांमधलं अंतर कमी-जास्त ठेवायचं, नाहीतर मूल तालावर अंदाज बांधून ठोकळे टाकत राहतं. आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. या मुलाला एक मीटरवर ‘स’ आला नाही, तीन मीटरवर ‘श’ही गेला. वर्गात त्याची जागा मागच्या रांगेत होती, हीटरच्या घरघरीजवळ.

ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. निदान ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, झालं. दोन्ही कानांत सुमारे 35 डेसिबलची तूट निघाली आणि कानाच्या पडद्याच्या हालचालीचा आलेख सपाट आला. पडद्यामागे चिकट द्रव साठला होता, ज्याला ग्लू इअर म्हणतात. यात कान दुखतोच असं नाही, तापही नसतो, म्हणून घरच्यांना सुगावा लागत नाही. जन्मावेळच्या तपासणीत कान ठीक होते, हे आईचं म्हणणं बरोबरच होतं. पण हा आजार नंतर होतो आणि त्या कागदाने तो नाकारता येत नाही. वारंवारचे कानाचे संसर्ग, दाटीवाटीचं घर, घरातला सिगारेटचा धूर यांनी त्याचा धोका वाढतो. विनिपेगमधल्या गरीब मूळनिवासी वस्त्यांत घरांची अवस्था बघता या मुलांचे कान आधी तपासणं हाच शहाणपणा आहे.

उपचाराच्या आधी दोन भीतींशी गाठ होती. आजी स्वतः निवासी शाळेत, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या शाळेत, वाढलेल्या. अशा शाळांमधून दीड लाखांहून जास्त मूळनिवासी मुलांना जावं लागलं आणि आपली भाषा बोलल्याबद्दल तिथे शिक्षा होत असे. त्यामुळे शाळेचा निरोप त्यांच्या दृष्टीने सल्ला नव्हता, हुकूम होता. निरोप आल्यापासून त्या नातवाशी जवळजवळ गप्पच होत्या, कारण इंग्रजीत त्यांना कामापुरतंच बोलता येतं. म्हणजे मुलाच्या कानावर पडणारी ओजिब्वे गेली आणि तिच्या जागी इंग्रजीही आली नाही. घरातल्या माणसाने ज्या भाषेत भरभरून बोलता येतं तीच बोलावी, हे त्यांना शाळेतल्या शिक्षिकेच्या तोंडून ऐकवलं. आमच्या सांगण्यापेक्षा त्याला वजन होतं.

दुसरी भीती आईची. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, सरकारी संगोपनात असलेल्या मुलांपैकी सुमारे 90 टक्के मूळनिवासी आहेत. एक अपॉइंटमेंट हुकली तरी आपल्यावर हलगर्जीपणाचा शिक्का बसेल आणि मूल नेलं जाईल, ही धास्ती काल्पनिक नाही. त्यामुळे नोंद करताना ‘आईचा प्रतिसाद नाही’ असं लिहायचं नाही. ‘आई रात्रपाळीला असते, दुपारी 1 नंतरची वेळ द्यावी, पत्राऐवजी फोन करावा’ असं लिहायचं. पुढची एकही वेळ चुकली नाही.

पैशाचा भाग किचकट आहे. डॉक्टर आणि शस्त्रक्रिया प्रांताच्या आरोग्य विम्यात बसतात. श्रवणयंत्र, चष्मा, दात, औषधं यांसाठी नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स व्यक्तींना केंद्र सरकारची वेगळी योजना आहे आणि ती रिझर्व्हबाहेरही लागू होते. सोबत दहा अंकी नोंदणी क्रमांक लागतो. या मुलाची नोंदणी झालेली नव्हती, आईची होती. तिथे जॉर्डन्स प्रिन्सिपल कामी येतं. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशन या फर्स्ट नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन 2005 मध्ये पाचव्या वर्षी रुग्णालयातच वारला, कारण घरच्या देखभालीचा खर्च कोणी द्यायचा यावर केंद्र आणि प्रांत भांडत राहिले. आधी मुलाला सेवा, मग सरकारांचा हिशेब, असं हे तत्त्व आहे. आई किंवा वडील नोंदणीकृत असले तरी मूल पात्र ठरतं. कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने साध्या अर्जाला 48 तासांची मुदत घालून दिली, पण प्रत्यक्षात अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये नियम आणखी कडक झाले. अर्ज बहुधा मोघम पत्रामुळे अडतो. ‘स्पीच थेरपीचा उपयोग होईल’ एवढं पुरत नाही. कोणती गरज, कोणत्या तपासणीवरून, आठवड्याला किती सत्रं, किती आठवडे, प्रत्येकी किती डॉलर, आणि मदत न मिळाल्यास काय बिघडेल, हे सगळं एका पानात हवं.

ग्लू इअरमध्ये साधारण तीन महिने वाट पाहून पुन्हा तपासतात, कारण पुष्कळदा द्रव आपोआप ओसरतो. इथे ओसरला नाही, म्हणून पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. पण वर्गातले बदल त्या तीन महिन्यांसाठी थांबवायचे नसतात. मुलाला पुढच्या रांगेत, हीटरपासून लांब बसवलं. शिक्षिकेने आधी नाव घ्यायचं, त्याने बघितलं की मगच सूचना द्यायची. ‘समजलं का?’ विचारू नये, मुलं हमखास ‘हो’ म्हणतात. ‘आता काय करायचंय, सांग’ असं विचारावं.

नळ्यांनंतर ऐकू लगेच आलं, शेवटचे ‘स’ जुळायला मात्र बरेच महिने गेले. टोरांटोतले मराठी आईवडीलही हाच प्रश्न विचारतात आणि त्यांनाही उत्तर हेच. फरक एवढाच की मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त होते, तर 2021 मध्ये कॅनडात ओजिब्वे बोलू शकणारे 25 हजारांच्या आसपास. तिथे एका आजींचं गप्प होणं फार महाग पडतं. आता झोपण्यापूर्वीचा वेळ त्यांचा आणि ओजिब्वेचा. विनिपेगच्या आयझॅक ब्रॉक शाळेत ओजिब्वे आणि क्री (आणखी एक मूळनिवासी भाषा) यांचे द्विभाषिक वर्ग आहेत, त्याचीही चौकशी आईने सुरू केली आहे.

नळ्या साधारण सहा ते अठरा महिन्यांत आपोआप पडतात आणि काही मुलांत द्रव पुन्हा साठतो. म्हणून त्या पडल्यावर श्रवणतपासणी पुन्हा करून घ्यावी. आणि दर सप्टेंबरला शिक्षिका बदलते, तेव्हा कानाची, बसायच्या जागेची आणि सूचना देण्याच्या पद्धतीची चिठ्ठी नव्याने तिच्या हातात द्यावी. जुनी चिठ्ठी फाइलमध्येच राहते.