सिम्बॉलिस्ट जलरंगचित्रांतल्या देवदूतांचा आध्यात्मिक अर्थ कसा लावायचा?

बर्फाळ स्मशानातली ती काळ्या पंखांची बाई देवाकडची की सैतानाकडची, आणि तिच्या हातातली हिरवी ज्योत म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून हे चित्र सिम्बॉलिस्ट, म्हणजे प्रतीकवादी, चित्रकार कार्लोस श्वाबेचं ‘मृत्यू आणि कबर खणणारा’ हेच असणार. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाकडे असलेलं. जलरंग, गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि पेन्सिल.

सैतानाकडची नाही. ती मृत्यूच आहे. मराठीत आपण ‘तो मृत्यू’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर रेड्यावरचा यम येतो. फ्रेंचमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तिथे तो बाईच्या रूपात येण्यात कुणाला नवल वाटत नाही. श्वाबे जन्माने हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनाचा, वाढला जिनिव्हात, पण कारकीर्द फ्रान्समधली. देवदूतांसाठी तो आपल्या बायकोलाच मॉडेल म्हणून बसवायचा आणि या मृत्यूचा चेहराही तिच्यासारखाच आहे. ही गोष्ट मला कुठल्याही प्रतीकापेक्षा जास्त अस्वस्थ करते. १८९४ मध्ये त्याचा मित्र, संगीतकार गियोम लेक्यू, अगदी तरुणपणी गेला. मृत्यूचा विषय त्यानंतर त्याच्या डोक्यात बसला असं सांगतात.

आता ज्योत. बरेच जण ती कबर खणणाऱ्या म्हाताऱ्याचा आत्मा समजतात. ख्रिस्ती परंपरेत हिरवा हा आशेचा रंग, म्हणून काही जण पुनरुत्थानाकडे जातात. दोन्ही चालतील. पण ‘हिरवा म्हणजे हे, काळा म्हणजे ते’ असा कोश घेऊन बसू नका. नेमकं तेच या सिम्बॉलिस्ट मंडळींना नको होतं. वस्तूचं नाव न घेता ती सुचवायची, हा त्यांचा बाणा.

त्यापेक्षा पंख बघा. ते उडण्यासाठी उघडलेले नाहीत. खाली वळून म्हाताऱ्याला दोन्हीकडून घेरतात, आणि त्यांची वक्र धार कोयत्याच्या पात्यासारखी दिसते. युरोपातल्या मृत्यूच्या हातातलं ते जुनं हत्यार इथे पंखांत मुरलंय. म्हातारा स्वतःच खणलेल्या खड्ड्यात उभा, एक हात छातीशी, नजर वर. जन्मभर दुसऱ्यांसाठी खणलं, आज माप त्याचं स्वतःचं निघालं. आणि मृत्यू त्याच्यावर झडप घालत नाही, काठाशी शांतपणे टेकलीय. माझ्या मते चित्राचा आध्यात्मिक अर्थ त्या बसण्यात आहे.

मी हौशी जलरंगवाला. एकदा या ज्योतीची नक्कल करायला गेलो. आधी गडद झगा रंगवला, मग त्यावर हिरवा लावला, तर तो पार गडपच झाला. पारदर्शक रंग अंधारावर उजळत नाही. एक तर कागद आधीच कोरा राखायचा, नाहीतर वरून गॉश लावायचा. माझी ज्योत शेवटी पुदिन्याच्या चटणीसारखी झाली, ते सोडा.

श्वाबेचा गोतावळाही लक्षात घ्या. १८९२ मध्ये गूढवादी लेखक जोसेफँ पेलादाँ याने पॅरिसमध्ये ‘रोझ-क्रुआ’ (गुलाब-क्रूस) प्रदर्शन भरवलं, त्याचं पोस्टर श्वाबेचंच. पेलादाँच्या नियमावलीत लढाया, शेतातली दृश्यं, मांडून ठेवलेली फळं-भांडी यांना थेट बंदी होती. हवी होती स्वप्नं, दंतकथा, गूढवाद. तिथे देवदूतांची गर्दी झाली यात आश्चर्य नाही, आणि त्यातले बरेचसे आज नुसते गोड वाटतात.

याच वाटेवर पुढे जायचं असेल तर फिनलंडचा ह्यूगो सिम्बर्ग बघा. त्याचा प्रसिद्ध ‘जखमी देवदूत’ (१९०३) तैलरंगात आहे, पण ‘मृत्यूची बाग’ (१८९६) जलरंग-गॉशमधली, जेमतेम वीतभर. तिच्यात पंख नाहीत, ज्योत नाही. काळे झगे घातलेले सांगाडे माळ्यासारखे रोपांची निगा राखतायत.