जावात १२७ चालतो, १२८ का बिघडतो?

प्रश्न : मॅडम, मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावामध्ये 'इंटिजर' प्रकारची दोन व्हेरिएबल्स घेतली, दोन्हींत १२७ ठेवले आणि == लावून ते सारखे आहेत का पाहिलं. उत्तर आलं 'ट्रू'. दोन्हींत १२८ ठेवले तर 'फॉल्स'! 'इंटिजर'च्या जागी साधं 'इंट' लिहिलं की दोन्ही वेळा 'ट्रू'. सर म्हणाले, परीक्षेत विचारतात, पाठ करून ठेव. पण असं का होतं?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पाठ मुळीच करू नकोस. हा प्रश्न तुला पडला याचाच मला आनंद झाला, कारण जावाची एक मोठी गोम त्यात आहे.

'इंट' हा प्रिमिटिव्ह प्रकार. व्हेरिएबलच्या ३२ बिटांत आकडाच बसलेला असतो, त्यामुळे == आकडे ताडून पाहतो. 'इंटिजर' मात्र ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत वेगळी ठेवलेली वस्तू. तिथे व्हेरिएबलमध्ये असतो तो ऑब्जेक्टचा पत्ता, आणि == पत्तेच ताडतो. आत काय लिहिलंय ते तो उघडून बघत नाही.

मग १२७ ला 'ट्रू' कसं? तू 'इंटिजर अ = १२७' लिहितेस, तेव्हा कंपायलर तुझ्या नकळत 'इंटिजर.व्हॅल्यूऑफ' हा कॉल घालतो. ऑटोबॉक्सिंग म्हणतात ते हेच; २००४ मध्ये जावा ५ बरोबर ही सोय आली. लहान आकडे सारखे लागतात, म्हणून −१२८ ते १२७ या २५६ आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवते. १२७ कुणीही मागितला तरी तोच ऑब्जेक्ट हातात येतो, पत्ता एकच. १२८ साठी एरवी दर वेळी नवा ऑब्जेक्ट, म्हणून पत्ते वेगळे. शिवाय ही वरची मर्यादा जेव्हीएमच्या, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमधून वाढवता येते. म्हणजे पाठ केलेला १२७ हा आकडासुद्धा सगळीकडे लागू पडेलच असं नाही.

हे परीक्षेपुरतं नाही, म्हणून मी एवढं कळकळीने सांगतेय. ग्रंथालयाचा एक प्रोजेक्ट माझ्याकडे तपासायला आला होता. सभासद क्रमांक 'इंटिजर'मध्ये, तुलना == ने. मुलांनी दहा-बारा सभासद घालून चाचणी केली, सगळं छान चाललं. खरी यादी भरल्यावर १२८ क्रमांकापासून पुढच्या एकाही सभासदाच्या नावावर पुस्तक सापडेना. अशी चूक चाचणीत दडून बसते आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन डोकं वर काढते. 'इंटिजर'ची तुलना नेहमी आतले आकडे ताडणाऱ्या 'इक्वल्स'ने करायची. एक बाजू 'इंट' असेल तर == चालतो, कारण दुसरी बाजू आधी उलगडून आकडा बनते. पण ती 'नल', म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टचा पत्ता नसलेली, असली तर प्रोग्राम तिथेच 'नल पॉइंटर एक्सेप्शन' देऊन कोसळतो.

मग दोन प्रकार ठेवलेच कशाला? पायथनमध्ये प्रत्येक आकडा ऑब्जेक्टच असतो, आणि == तिथे किंमतच तपासतो. शिकणाऱ्याला ते सोपं जातं, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. १० लाख 'इंट'च्या अ‍ॅरेला जावात साधारण ४० लाख बाइट पुरतात. तेच आकडे सुटे 'इंटिजर' केले, तर नेहमीच्या ६४ बिट जेव्हीएमवर प्रत्येकी १६ बाइटचा ऑब्जेक्ट आणि वर पत्त्याचे ४, म्हणजे २ कोटी. १९९५ मध्ये जावा आली तेव्हाच्या यंत्रांवर प्रिमिटिव्ह वेगळे ठेवणं शहाणपणाचंच होतं असं माझं ठाम मत आहे. ऑटोबॉक्सिंगने मात्र दोन प्रकारांमधली भिंत झाकली, पाडली नाही. आणि ही रचना मला आजही खटकते. ही दरी बुजवण्यासाठी 'व्हॅल्हाला' नावाचा प्रकल्प २०१४ पासून चालू आहे.

आता एक कर. तुझा प्रोग्राम कंपाइल करून त्याच्या क्लास फाइलवर 'जावापी -सी' ही कमांड चालव. बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या सूचनांमध्ये, 'व्हॅल्यूऑफ'चा कॉल तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग 'इंट'वाला प्रोग्राम तसाच बघ, त्यात तो कॉल नसेल. दोन्ही प्रिंटआउट सरांनाही दाखव.