‘मॅडम, हे शिकून काम कमी होणार आहे का?’

प्रश्न : माझ्या हाताखाली बारा जणांची टीम आहे. ताण हाताळायला आणि खचून न जाता सावरायला शिकवणारं चार सत्रांचं प्रशिक्षण कंपनीने ठेवलंय. माझ्या टीममधून कुणीच आपणहून नाव दिलं नाही. विचारलं तर एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे शिकून काम कमी होणार आहे का?’ मला उत्तर सुचलं नाही. त्यांना पाठवू की नको?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि त्याने तो तोंडावर विचारला ही तुमच्या टीमची जमेची बाजू. धास्तावलेली माणसं मुकाट्याने नाव देतात आणि मागच्या रांगेत बसून मेल उरकतात.

अशी प्रशिक्षणं मी सोळा वर्षं घेतेय. एकदा सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. समोरच्या खुर्चीतल्या बाईंच्या मांडीवर फोन होता. तिसऱ्या मिनिटाला तो थरथरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण बोटं फोनभोवती अशी आवळली की नखं पांढरी पडली. फोन करणारे त्यांचे साहेब होते. सत्राला पाठवलं होतं तेही त्यांनीच. तेव्हापासून मी आधी वरिष्ठांचं सत्र घेते, मगच इतरांचं. ते बसायला तयार नसतील तर काम स्वीकारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून-खचून जाण्याची, व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम, असं म्हटलं. मग उपाय एकट्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात कसा मारायचा? ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. 2024 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीच्या अशा कार्यक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे आहेत असं दिसलं नाही. अपवाद त्या कार्यक्रमांतल्या स्वयंसेवेच्या कामाचा. पाहणी एकाच वेळची आहे, आधीची आणि नंतरची तुलना तीत नाही, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही. पण माझ्या पेशातल्या प्रत्येकाने ती वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे प्रशिक्षण फुकट का? नाही. चिडलेल्या ग्राहकाचा फोन ठेवल्यावर मिनिटभर थांबून श्वास जागेवर आणायला शिकलेला माणूस तो राग पुढच्या ग्राहकावर काढत नाही. हे शिकवता येतं, मी शिकवलंय. पण पुढचा फोन दहाव्या सेकंदाला आपोआप येऊन आदळत असेल, तर ते मिनिट त्याने आणायचं कुठून? ते तुम्हीच देऊ शकता. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं, की कामाचा रेटा मोठा आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते.

म्हणून पहिल्या सत्राआधी बारा जणांबरोबर अर्धा तास बसा. एवढंच विचारा : ‘गेल्या आठवड्यात कोणतं काम विनाकारण करावं लागलं?’ मध्ये बोलू नका, सफाई देऊ नका, लिहून घ्या. त्यातलं तुमच्या अधिकारातलं एक तरी काम लगेच बंद करा. सत्रं कामाच्या वेळेतच हवीत, आणि त्या तासांचं काम संध्याकाळवर ढकलायचं नाही. सत्रात कोण काय बोललं ते एचआरपर्यंत जाणार नाही, हे प्रशिक्षकाकडून आधी वदवून घ्या. आणि कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला सत्राची वाट पाहायला लावू नका; डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला सुट्टी द्या.

मग त्या मुलाला सांगा, ‘प्रशिक्षणाने काम कमी होणार नाही. ते कमी करणं माझ्याकडे आहे, आणि ही त्यातली पहिली गोष्ट, आजपासून बंद.’ त्यानंतर प्रशिक्षणासाठी नावांची यादी पुन्हा फिरवा. तरीही कुणाला नाव द्यायचं नसेल, तर देऊ नये.