वाचक विचारतात : नायट्याचं जनुक आणि पोटाचा रिपोर्ट

पावसाळा आला की खाजेची पत्रं येतात, ते आता अंगवळणी पडलंय. या वर्षी मात्र खाजेच्या जोडीला ‘सिक्वेन्सिंग’, म्हणजे डीएनएचं अक्षर-अक्षर वाचन, आलं आहे. आमच्या इंदुरात घरटी एक मुलगा किंवा भाची पुण्या-बंगळुरात शिकते आहे, त्यांचा हा प्रताप. चार पत्रं घेते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. राजवाड्याजवळ माझं कापडाचं दुकान आहे. दिवाळीपासून जांघेत आणि कमरेभोवती नायटा आहे. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवसांत निवतो, सोडली की दुप्पट येतो. नंतर बुरशीवरच्या टर्बिनाफीनच्या गोळ्या महिनाभर घेतल्या, फरक शून्य. आता मंडळींच्या मानेवरही उठलंय. भाचा म्हणतो, बुरशीचं जनुक वाचून घ्या. घ्यावं का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : भाचा हुशार आहे. पण आधी ती ट्यूब घ्या आणि मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काहीतरी सापडेल, सोबत एखादं बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक. त्यातलं पहिलं म्हणजे स्टिरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, तुम्हाला बरं वाटतं, आणि तिथली प्रतिकारशक्ती झोपल्यामुळे बुरशी ऐसपैस पसरते. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा चट्ट्याची नेहमीची गोल कड पुसलेली असते, वर्तुळात दुसरं वर्तुळ उठलेलं असतं, आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढुरक्या रेघा पडलेल्या असतात. त्या रेघा जन्मभर राहतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, आणि ‘खाजेची एक ट्यूब द्या’ म्हटलं की काउंटरवर ट्यूबही आहे.

आता जनुकाकडे. पूर्वी आपल्याकडच्या नायट्यात ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी मुख्य असायची. गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. चट्टे मोठे, खाज भयंकर, घरातले सगळे एकदम बाधित, आणि टर्बिनाफीन लागू पडेना. आम्ही खरवड काढून काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून बघतो, त्यात बुरशीचे धागे दिसतात. पण धागे बघून जात कळत नाही. कल्चरला, म्हणजे बुरशी बशीत वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागतात आणि तिथेही जवळच्या जाती सारख्याच दिसतात. शेवटी डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचल्यावर कळलं की हा गट वेगळा आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून त्याला स्वतंत्र जातीचं नाव दिलं : ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नावात आपला देश आला, कौतुक कशाचं ते विचारू नका. २०२३ मध्ये ही बुरशी न्यूयॉर्कमध्येही सापडल्याची नोंद झाली.

गोळ्या का लागू पडल्या नाहीत, तेही जनुकानेच सांगितलं. बुरशीला आपल्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल नावाचं स्निग्ध द्रव्य लागतं. ते बनवणाऱ्या साखळीतलं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम टर्बिनाफीन बंद पाडतं. या बुरशीत त्या एन्झाइमच्या माळेतल्या ३९७व्या जागी फेनिलअलॅनिन या मण्याऐवजी (अमिनो आम्लाऐवजी) ल्यूसिन बसलेलं अनेकदा आढळतं. एवढ्या एका बदलाने औषधाची पकड सुटते. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध त्याच साखळीत दुसरीकडे घाव घालतं, म्हणून ते पुष्कळदा उपयोगी पडतं.

तुम्ही सिक्वेन्सिंग करून घ्यावं का? आत्ता नाही. रिपोर्ट येईपर्यंत आठवडे जातील आणि उपचार बहुधा तोच राहील. त्वचेच्या डॉक्टरांकडून खरवडीची साधी तपासणी करून घ्या. इट्राकोनॅझोल द्यायचं का, किती दिवस, हे ते तुमचं यकृत, हृदय आणि चालू गोळ्या बघून ठरवतील. ट्यूब बंद. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज उसळेल, तेव्हा पुन्हा मेडिकलची पायरी चढू नका. बायकोचे उपचार त्याच दिवशी सुरू करा. आणि कमरेला करदोडा असेल तर आजच कापा. चट्टा नेमका त्याच रेषेत फिरलेला असतो, रुग्ण सगळे कपडे उकळत्या पाण्यात घालतो आणि तो ओला दोरा मात्र वर्षभर अंगावर. आईने बांधलाय म्हणून कोणी काढत नाही. आईला माझं नाव सांगा. योग्य औषध पुरेसे दिवस घेऊनही हटलं नाही, तर भाच्याचा सल्ला काढू.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचांत. ‘सगळं पोटातून येतं’ असं सगळे म्हणतात, म्हणून आतड्यातल्या जंतूंची तपासणी मागवली. रिपोर्टमध्ये प्रिव्होटेला नावाचा जंतू लाल रंगात ‘जास्त’ आहे आणि गहू, दूध, शेंगदाणे बंद करायला सांगितलंय. करू का? — एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : करू नका. वाढत्या वयाच्या पोराचं गहू-दूध असल्या कागदावर तोडायचं नसतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर ती वेगळी गोष्ट. त्यासाठी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

रिपोर्टचे फोटो तुम्ही पाठवलेत हे बरं केलंत. छपाई देखणी आहे. ती कशावरून झाली ते सांगते. नळीतल्या चिमूटभर शौचातून जंतू फोडून डीएनए काढतात. काही जंतूंची भिंत जाड असते, बारीक मणी घालून जोरात घुसळल्याशिवाय ती फुटत नाही. एका लॅबने घुसळलं आणि दुसरीने नाही, की त्याच नळीचे दोन रिपोर्ट निघतात. पुढे सगळ्या जिवाणूंत असणारा ‘सोळा-एस’ नावाचा जनुक, सुमारे १५०० अक्षरांचा, त्याचा बहुधा एखादा तुकडाच वाचतात. पद्धत भक्कम आहे. याच रेणूच्या आधारे अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये आर्किया हा सजीवांचा वेगळाच गट दाखवून दिला. पण यातून जंतूचं नाव कळतं, तेही पुष्कळदा आडनावापर्यंतच. वाड्यातल्या दारांवरच्या पाट्या वाचाव्यात तसं; आत कोण काय करतंय हे पाटी सांगत नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजला जातो. बुरशी यात दिसतच नाही. शिवाय सगळं टक्केवारीत, म्हणजे एक जंतू घटला की दुसरा न वाढताही वाढलेला दिसतो.

आता ते लाल अक्षर. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ११० निरोगी भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, काही भोपाळकडचे, काही केरळचे. आपल्या बाजूच्या, पोळी-डाळ-भाजी खाणाऱ्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला भरपूर होता, आणि ही माणसं धडधाकट होती. तुमच्या घरी तेच जेवण आहे. मग ‘जास्त’ म्हणजे कोणापेक्षा जास्त? मी सगळी पानं चाळली, तुलना कोणाशी केली ते कुठेही लिहिलेलं नाही. या विषयाच्या जगभरच्या माहितीत युरोप-अमेरिकेतली पोटंच जास्त आहेत, त्यामुळे मला शंका आहे. हे संशोधन मोलाचं आहे, ते चालू राहावं, पण त्यातून सहा वर्षांच्या मुलाचा डबा ठरवण्याइतकी अक्कल अजून कोणत्याही यंत्राला आलेली नाही.

त्यापेक्षा त्याचा तळहात उजेडात धरा. रेषा वयाच्या मानाने फार ठळक, आडव्या-उभ्या जाळीसारख्या आहेत का? दंडाच्या मागे काटेरी पुळ्या, नडगीवर माशाच्या खवल्यासारखी कोरड? आम्ही त्वचावालेही हात बघतो, फक्त भविष्य सांगत नाही. या खुणा फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर त्वचेचा बांध गळका होतो आणि इसबाचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणजे ‘सगळं पोटातून’ नव्हे, बरंचसं कातडीतूनच. मुलाची जनुक तपासणी नको, कारण उपाय त्याने बदलत नाही.

कातडीवरच्या जंतूंचं वाचन मात्र मला कामाचं वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेत इसब असलेल्या मुलांच्या त्वचेवरचे जंतू असेच वाचले गेले. इसब उसळला की स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू माजतो, बाकीच्यांची विविधता घटते. उपचाराने त्वचा निवळली की ती विविधता परतू लागते. म्हणून उपचार त्वचेवरच करायचे. कोमट पाण्याची झटपट अंघोळ, डाळीचं पीठ आणि मुलतानी माती बंद, अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं जाडसर मलम, दिवसातून दोन-तीनदा, चट्टे नसतानाही. लाल झाल्यावर डॉक्टर स्टिरॉइडचं मलम देतील, ते न घाबरता सांगितले तितके दिवस लावा. वरच्या पत्रात मी स्टिरॉइडला शिव्या घातल्या आहेत हे ठाऊक आहे. तिथे बुरशी होती, इथे नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना कुष्ठरोग झाला होता, औषधं पूर्ण घेऊन बरे झाले. आता मुलीचं लग्न जमतंय आणि मुलाकडचे म्हणतात, ‘जनुक तपासून घ्या’. — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कुष्ठरोग जंतूने होतो. डॉक्टर हॅन्सन यांनी तो नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला. या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचून झाला, आणि तो नमुना तामिळनाडूतल्या रुग्णाचा होता. प्रयोगशाळेच्या बशीत हा जंतू वाढतच नाही, म्हणून आर्माडिलो नावाच्या प्राण्यात वाढवावा लागला. वाचल्यावर दिसलं की त्याचे सुमारे १६०० जनुक चालू आहेत आणि ११०० हून अधिक मोडून पडलेत. स्वतंत्रपणे जगायची सामग्रीच त्याने गमावली आहे. आज गरज पडली तर रिफॅम्पिसिन या कुष्ठरोगावरच्या औषधाला तो दाद देईल का, हेही त्याचा जनुक वाचून कळतं.

यात तपासला जातो तो जंतू. तुमच्या मुलीत तपासण्यासारखं काय आहे? आजोबांचा आजार नातीच्या रक्तात उतरत नाही, आणि बहुतेक माणसांना या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकार असतो. तिच्या अंगावर बधिर चट्टा नसेल तर विषय संपला. हे पान फोटोकॉपी करून व्याह्यांना द्या. तरीही हटून बसले, तर सोयरिकीचा फेरविचार तुम्हीच करा.

प्रश्न : कोंडा जात नाही. सासूबाई म्हणतात तेल कमी पडतंय. — महू

उत्तर : मॅलासेझिया ग्लोबोसा या कोंड्याशी जोडलेल्या बुरशीचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला, त्यात स्निग्धाम्लं बनवणारं मुख्य एन्झाइमच नाही. चरबी ती आपल्या डोक्यावरूनच घेते. तेलाने कोंडा चिकटून बसतो, त्यामुळे गेल्यासारखा वाटतो. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा, पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवा. सासूबाईंना तेल पायाला चोळू द्या.