बटण दाबलं, पण पीडीएफ कुठाय?

प्रश्न : मी गणितात एम. एस्सी. करते. प्रकल्प अहवाल लेटेकमध्ये (खुणांसह लिहिलेल्या मजकुरातून पीडीएफ जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहायचा आहे. व्हीएस कोड हा एडिटर घेतला, त्यात 'लेटेक वर्कशॉप' हे प्लगिन टाकलं. पण बिल्ड केलं, म्हणजे पीडीएफ करायला सांगितलं, की लेटेकएमके सापडत नाही अशी लाल पट्टी येते. वर्गमित्राच्या लॅपटॉपवर झीलेटेक लावून पाहिलं तर फाइल तयार झाली, पण मराठीतलं ऋणनिर्देशाचं पान कोरं. बाकी अहवाल इंग्रजीत आहे. गाइडसरांचं नाव कन्नडमध्येही घालायचंय.
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुझ्या या दोन अडचणींचा एकमेकींशी काही संबंध नाही. सुट्या सुट्या सोडवू.

लाल पट्टी आधी. प्लगिन स्वतः काहीही जुळवत नाही, ते फक्त हुकूम सोडतं. जुळणीचं काम करणारा टेक हा मूळ प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो, आणि तुझ्या संगणकावर बहुधा तो नाहीच. माझ्या शहापूरच्या दुकानात अहवालांच्या मोसमात येणारी निम्मी पोरं इथंच अडकलेली असतात. विंडोजवर दोन वाटा आहेत, मिकटेक आणि टेक लाइव्ह. मिकटेक लहान असतो, लागेल ते पॅकेज नेटवरून आणत राहतो. पण जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात रेंज कशी असते ते मी तुला सांगायला नको. शिवाय लेटेकएमके, म्हणजे लेटेक लागेल तितक्या वेळा चालवणारा प्रोग्राम, हा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. मिकटेकबरोबर पर्ल येत नाही, ते वेगळं घालावं लागतं. टेक लाइव्ह विंडोजवर स्वतःचं पर्ल घेऊनच येतो. त्याची आयएसओ फाइल काही जीबींची आहे, पण एकदाच कुणीतरी बेळगावात उतरवून पेन ड्राइव्हवर दिली की वर्गातल्या सगळ्यांचं भागतं.

बसवून झालं की व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघड. टेकचा नवा पत्ता त्याला त्याशिवाय कळत नाही. अहवालाचं फोल्डर सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं ठेव. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी असली की टेक अधूनमधून कुरबुर करतो, आणि चूक भलतीकडेच दाखवतो.

आता कोरं पान. पीडीएफलेटेक आणि झीलेटेक हे लेटेकची पीडीएफ करणारे दोन वेगळे प्रोग्राम. वेगळं काही सांगितलं नाही तर प्लगिन लेटेकएमकेकरवी पीडीएफलेटेक चालवतं. पीडीएफलेटेकला 'म' दिसला की तो थांबतो आणि हे युनिकोड अक्षर माझ्याकडे मांडलेलं नाही असं सांगतो. वाईट वाटलं तरी हे बरं, निदान कळतं तरी. झीलेटेक मात्र गुपचूप पुढे जातो. फॉन्ट सांगितला नसेल तर तो आपला नेहमीचा रोमन फॉन्ट घेतो, त्यात 'म' नसतो, म्हणून जागा सोडून देतो. चूक म्हणून काही येत नाही. लॉग फाइलच्या पोटात 'मिसिंग कॅरेक्टर'च्या ओळी तेवढ्या पडलेल्या असतात. तुझ्या मित्राकडं हेच झालं. झीलेटेक निवडलात ते बरोबरच होतं, फॉन्ट राहिला.

तेव्हा असं कर. डावीकडच्या पट्टीत 'टेक' लिहिलेलं चिन्ह आहे, ते दाब. 'बिल्ड लेटेक प्रोजेक्ट'खाली रेसिप्यांची, म्हणजे बिल्डच्या तयार कृतींची, यादी उघडते, त्यातली झीलेटेकची लेटेकएमके रेसिपी निवड. दर वेळी निवडायचा कंटाळा येणारच, म्हणून सेटिंग्जमध्ये 'रेसिपी डिफॉल्ट' शोधून तिथं 'लास्ट यूज्ड' ठेव. फाइलच्या डोक्यावर प्रोग्रामचं नाव देणारी शेऱ्याची ओळ लिही, असं जुन्या व्हिडिओंत सांगतात. नव्या आवृत्त्यांत ती ओळ मानायची की नाही हे एका वेगळ्या सेटिंगवर ठरतं, आणि सुरुवातीला ते सेटिंग 'मानू नको' असंच असतं. त्या भानगडीत पडू नकोस.

मग एका फाइलीत अनेक भाषा सांभाळणारं पॉलिग्लॉसिया पॅकेज घे. मुख्य भाषा इंग्रजी, इतर भाषा मराठी आणि कन्नड. मराठीला शोभिका फॉन्ट दे. हा आयआयटी मुंबईनं केलेला फॉन्ट फुकट मिळतो आणि जोडाक्षरं नीट बांधतो. कन्नडला नोटो सेरिफ कन्नड. दोन्ही फॉन्ट देताना पर्यायांच्या कंसात लिपीचं नाव लिहिलंच पाहिजे. ते विसरलं की 'कि'ची वेलांटी 'क'च्या पुढं जाऊन बसते आणि 'क्ष'चे तुकडे होतात; कन्नड ओत्तक्षरांचीही, म्हणजे अक्षराखाली जोडलेल्या व्यंजनांचीही, तीच गत. शेवटचं म्हणजे ऋणनिर्देश मराठीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या खुणांमध्ये, गुंडाळ, सरांचं नाव कन्नडच्या कमांडमध्ये. नुसतं मध्येच टाकलंस तर पुन्हा कोरी जागा.

लॅपटॉप जुना असेल तर सेटिंग्जमध्ये 'ऑटो बिल्ड' 'नेव्हर' करून ठेव. नाहीतर प्लगिन प्रत्येक सेव्हला बिल्ड करतं, त्यात व्हीएस कोडचं 'ऑटो सेव्ह' चालू केलेलं असेल तर पंखा गिरणीसारखा घुमत राहतो. आपल्याला हवं तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-बी दाबायचं.

प्रश्न : 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी मी श्रीलिपीत टाइप करून ठेवल्या आहेत. नातू म्हणतो लेटेकमध्ये करूया. मजकूर चिकटवला तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.
— निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, मजकूर बिघडलेला नाही, घाबरू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढला की मुळची रोमन अक्षरं उघडी पडतात. आधी कन्व्हर्टरमधून सगळं युनिकोड करून घ्या आणि मगच चिकटवा. नंतर मुद्रितशोधन मात्र टळत नाही. रफार, 'श्र' आणि 'ऱ्या' हे तिघं हमखास घोटाळा करतात. 'शेतकऱ्या'तला तो 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकात नुक्त्याचा 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एडिटरमध्ये एक शोधलात तर दुसरा सापडत नाही. आंदोलनाच्या पुस्तकात शेतकरी पानोपानी येणार, तेव्हा सुरुवातीलाच सगळे एकाच पद्धतीचे करून टाका.

आता नातवाला राग येईल असं सांगते. पुस्तकात गणित नाही, आकृत्या नाहीत, नुसतं गद्य आहे. तळटीपा थोड्या असतील तर लिब्रेऑफिसमध्ये छान होईल, तुम्हाला स्वतःला दुरुस्त्याही करता येतील. तळटीपा पानोपानी असतील, शेवटी व्यक्ती-गावांची सूची हवी असेल, तरच लेटेक. तेव्हा ते कष्ट वसूल होतात. पानांचे आकडे देवनागरी हवेत की इंग्रजी, तेही पॉलिग्लॉसियात मराठीच्या पर्यायात सांगता येतं.

प्रश्न : लेटेकच्या पीडीएफमध्ये चूक दिसते, पण मूळ फाइलमध्ये ती ओळ शोधण्यात वेळ जातो.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : पीडीएफ बाहेर दुसऱ्या रीडरमध्ये उघडू नका, व्हीएस कोडमधल्या 'लेटेक वर्कशॉप' प्लगिनच्याच टॅबमध्ये उघडा: कंट्रोल-ऑल्ट-व्ही. तिथं चुकीच्या शब्दावर कंट्रोल धरून क्लिक केलं की कर्सर मूळ ओळीवर जातो. उलटीकडून, ओळीवरून पीडीएफकडं जायला कंट्रोल-ऑल्ट-जे. उडी भलत्याच जागी पडत असेल तर पीडीएफ जुनी आहे, पुन्हा बिल्ड करा. तरीही नाही जमलं तर कंट्रोल-ऑल्ट-सी दाबून मधल्या फाइली साफ करा आणि मग बिल्ड करा.